निळ्या रेषेतला मळा राखा

प्रति,
मा. आयुक्त, तसेच सभागृहातील सर्व सन्माननीय सदस्य,
कोल्हापूर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारण आपल्या टेबलावरच्या गठ्ठ्यात पत्राचे दुसरे पान उलटले जाईलच असे नाही. शहराच्या हद्दीत, पंचगंगेच्या निळ्या पूररेषेच्या आत, जी मोकळी जमीन अजून शिल्लक आहे तिच्यावर यापुढे एक ट्रॉलीही भराव पडू देऊ नका. त्यातली जी जमीन महापालिकेची किंवा सरकारची आहे ती गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी, हंगामापुरती कसायला द्यायची गाळाची जमीन) धरा, आणि दरवर्षी पूर ओसरला की भाजी पिकवणाऱ्यांना हंगामापुरती द्या. जी खासगी आहे, तिथे मालकाला शेती चालू ठेवणे परवडेल असे बघा.

शहरी शेती म्हटले की लगेच गच्चीवरच्या कुंड्या, निळे ड्रम आणि लालबुंद टोमॅटोचे फोटो डोळ्यांपुढे येतात. मी स्वतः मंगळवार पेठेत गच्चीवर भाजी करते, तेव्हा कुंड्यांवर माझा राग असायचे कारण नाही. पण कोल्हापूरची जुनी, चालती शहरी शेती खाली जमिनीवर आहे. कसबा बावड्याच्या उसात आहे, रमणमळ्याच्या मागे आहे, दुधाळीच्या अंगाला आहे, शिवाजी पुलाच्या अल्याड-पल्याड आहे. ती कुणी प्रकल्प म्हणून सुरू केली नाही, तिचे उद्घाटन कुणी केले नाही, त्यामुळे ती मोडली तरी कुणाला पत्ता लागत नाही. माझे माहेर अशाच एका नदीकाठच्या मळ्यातले. म्हणून हे पत्र गच्चीवरून लिहीत असले तरी त्यातले बोलणे मळ्यातले आहे.

२०१९ चा ऑगस्ट आपण सगळ्यांनी काढला आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे भर पुरात नळाला पाणी नव्हते. पेट्रोल अत्यावश्यक सेवेसाठी राखून ठेवावे लागले. ज्या जिल्ह्याचे दूध मुंबई पिते, ज्याच्या चारी बाजूंना हिरवेगार रान आहे, त्या जिल्ह्याच्या मुख्य गावात मेथीच्या जुडीसाठी वणवण चालली होती. मंडईत जे होते ते बटाटे आणि कांदे, आणि त्यांचा भाव विचारायची सोय नव्हती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. २०२४ च्या जुलैतही धोका पातळी ओलांडली गेलीच.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे आकडे आपल्या कार्यालयात मला सांगायला नकोत. पण ही सरासरी मागच्या पावसावरून काढलेली असते, आणि पाऊस आता मागच्यासारखा पडत नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते, हे भौतिकशास्त्र आहे. ते बाष्प गगनबावडा आणि राधानगरीच्या डोंगरावर एकदम खाली आले की कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकाच वेळी फुगतात आणि प्रयाग चिखलीला एकत्र होऊन आपल्या दारात येतात. उलट टोकाला २०२५ चा मे बघा. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला होता, आणि आपल्याकडेही भर उन्हाळ्यात रानात पाणी साचले. वाफसा (पेरणीजोगी ओल) येईना, पेरण्या खोळंबल्या, उन्हाळी भाजी रानातच सडली. म्हणजे पुराची तारीख हलली, पेरणीची हलली, भाजीच्या टंचाईचीही हलली. या सगळ्यात एक गोष्ट मात्र हलत नाही: नदीला जितकी जागा लागते तितकी ती घेते. आपण दिली तर रानात घेते, नाही दिली तर सुतारवाड्यात, कुंभार गल्लीत आणि व्हीनस कॉर्नरला घेते.

तळी बुजवायचा अनुभव आपल्या गावाला भरपूर आहे. कपिलतीर्थ तळे होते, तिथे आज मंडई आहे. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि मोठा पाऊस झाला की मैदानाचे आजही तळे होते. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम आहे. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गावात त्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही, आणि जे झाले ते झाले. पण नदीचा पसारा म्हणजे तळे नव्हे, की चारी बाजूंनी माती लोटली आणि विषय संपला. भराव टाकणाऱ्याची जागा उंच होते तेवढे पाणी शेजारच्याकडे सरकते. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीनेही नदीपात्रातली आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणे हा मुद्दा मांडलाच होता.

नियम काय म्हणतो? नदी ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मैदान, हलकी पिके असला मोकळा वापर चालतो. म्हणजे शेती हा तिथला कायदेशीर आणि सर्वांत जुना वापर आहे. तरीही त्या पट्ट्यात आधी कंपाउंड येते, मग रात्रीतून मुरूम येतो, मग पत्र्याचे शेड, मग लॉन, मग लग्ने. प्रत्येक पायरीला कारण असते. आणि शेजारी जो इमानाने मेथी-पोकळा करत बसला आहे, तो दरवर्षी थोडा अधिक वेडा ठरतो.

आता गाळपेर का म्हणते ते सांगते. धरणाचे पाणी ओसरले की बुडीत क्षेत्रातली गाळाची जमीन उघडी पडते. ती जलसंपदा विभाग हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतो, हे राज्यभर चालते. जमीन सरकारचीच राहते, पावसाळ्यात पाणी आपल्या जागेवर येते, आणि मधल्या महिन्यांत कुणाचे तरी पोट भरते. कोणताही पक्का हक्क तयार होत नाही, बांधकाम होत नाही. निळ्या रेषेतल्या सरकारी आणि महापालिकेच्या जागांना हीच व्यवस्था लावता येईल. गणपती झाले, पाणी उतरले, वाफसा आला की द्यायची. मेअखेर परत घ्यायची. भाडे नाममात्र. अट एकच: भराव नाही, पक्के काही नाही, झोपडीसुद्धा पावसाळ्यापूर्वी उचलायची. द्यायची कुणाला? बचत गटांना, भूमिहीन शेतमजुरांना, आणि ज्या बायका आज दुसऱ्याच्या रानातली भाजी जुडीवर घेऊन पाटीतून विकतात त्यांना.

पुराच्या गाळाची ताकद माळ्याच्या पोरीला शिकवायला लागत नाही. पाणी उतरल्यावर वरचा थर वाळून त्याला भेगा पडल्या की माझे आजोबा हाताने ढेकूळ फोडून बघायचे आणि मगच ठरवायचे, इथे मेथी, तिथे कोथिंबीर, खालच्या अंगाला मुळा. अशा रानात पहिल्या पिकाला वरखत जवळजवळ लागत नाही, पाणीही कमी लागते. दिवाळीच्या पुढे मेथी, शेपू, पोकळा, चाकवत, कांदापात. संक्रांतीच्या आत वाटाणा आणि वरणा. नंतर वांगी, गवार, काकडी. जून ते सप्टेंबर हे रान नदीचे. त्या काळात तिथे काही ठेवायचेच असेल तर पाण्यात उभा राहणारा चारा ठेवावा, भाजी मुळीच नको. उसाचा मोह इथे आवरायला हवा. ऊस पुरात टिकतो असे सगळे म्हणतात, पण शेंड्यावरून पाणी जाऊन चार दिवस राहिले की त्या उसाचे काय होते ते २०१९ मध्ये सगळ्या जिल्ह्याने बघितले.

थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत आणि मुद्दाम कमी धरले आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. माणशी रोज १०० ग्रॅम पालेभाजी धरली तर शहराला दिवसाला जवळपास ५५ टन लागते. एका हेक्टरमध्ये पालेभाजीचे एक पीक ८ टन आणि आठ महिन्यांत चार पिके धरली, तर १०० हेक्टरांतून ३,२०० टन निघेल, म्हणजे दिवसाला १३ टनांच्या आसपास. शहराच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा. १०० हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर. आपल्या शहराचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आहे. यातले काही क्षेत्र आजही लागवडीखाली आहेच, ते फक्त मोडू द्यायचे नाही. राहिलेले गाळपेर म्हणून उघडायचे. मी ज्वारी-तांदळाबद्दल एक अक्षर बोलत नाही, हे लक्षात घ्या. शहर आपले धान्य पिकवू शकत नाही आणि पिकवू म्हणणाऱ्याचे ऐकूही नये. पण जी वस्तू सकाळी काढल्यावर संध्याकाळी कोमेजते, जी ट्रकने लांबून आणायची तर निम्मी वाटेत जाते, ती जवळच पिकली पाहिजे.

हे कुठे झाले आहे का, असे सभागृहात कुणीतरी विचारेलच. अर्जेंटिनात रोसारिओ नावाचे नदीकाठचे शहर आहे, आपल्यापेक्षा मोठे. २००१ मध्ये त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली, लोकांच्या हाताला काम राहिले नाही. २००२ पासून तिथल्या नगरपालिकेने रस्त्याकडेच्या, रेल्वेलगतच्या, पुराच्या भीतीने कुणी न घेतलेल्या पडीक जागा लोकांना भाजीसाठी दिल्या. बी-बियाणे आणि शिकवणारी माणसे दिली, विकायला शहरात जागा ठरवून दिली. पुढे सुमारे ७५ हेक्टर जमीन शेतीसाठी शहराच्या आराखड्यातच राखली. या कामाला २०२१ मध्ये शहरांसाठीचा एक मोठा जागतिक पुरस्कारही मिळाला. त्यांच्याकडे हे संकटातून आले. आपल्याकडे संकट दर दोन-तीन वर्षांनी येऊन जाते आणि आपण पंचनामे करून मोकळे होतो.

पण इतके लांब जायची तरी काय गरज? श्रीपाद अच्युत दाभोळकर याच कोल्हापुरात राहिले. गणिताचे प्राध्यापक, पण त्यांनी हिशेब मांडला तो पानावर पडणाऱ्या उन्हाचा. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे कसे भागेल हे त्यांनी करून पाहायला लावले, आणि त्यांच्या प्रयोग परिवाराकडे द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर उसाच्या चिपाडात भाजी लावणाऱ्यांपर्यंत लोक जोडले गेले. जगभरचे लोक त्यांचे काम बघायला आले. आपल्या गावात त्यांची आठवण म्हणून एखाद्या चौकाला नाव देण्यापेक्षा दहा-दहा गुंठ्यांचे वाफे पाडून दिले, तर त्यांना ते जास्त आवडले असते असे मला वाटते.

आता शेणाकडे येते. सभ्य पत्रात हा विषय येत नाही, पण त्याला टाळून शेतीचे बोलता येत नाही. कोल्हापूर हे अजूनही पेठांमध्ये म्हशी असलेले शहर आहे. गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध आजही उभ्याने प्यायला मिळते, आणि दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशी मालकाच्या दुचाकीमागे पळताना बघायला गाव लोटते. एक म्हैस दिवसाला १५ ते २० किलो शेण देते. या शेणाचे काय होते ते गोठ्याशेजारच्या कुठल्याही गटारात वाकून बघा. गटारातून नाला, नाल्यातून नदी. आणि त्याच नदीच्या काठावरचा शेतकरी बाहेरगावाहून शेणखताची ट्रॉली विकत घेतो. गोठे शहराबाहेर घालवा अशी ओरड अधूनमधून उठते. वास आणि माशा मलाही आवडत नाहीत. पण गोठा गेला की खत गेले. पेठेपेठेतून रोज सकाळी शेण उचलणारी गाडी फिरवा, ते मळ्याच्या कडेला खड्ड्यांत टाका. कचरा उचलायला गाड्या फिरतातच, त्यात ही एक. गवळ्यांकडून त्याचे पैसे घेऊ नका, उलट थोडे द्या.

ओल्या कचऱ्याचेही तेच. आपल्या देशातल्या शहरांचा निम्म्याच्या आसपास कचरा ओला असतो. त्याचे कंपोस्ट करायचे म्हणून योजना येतात, पण वर्गीकरण नीट झाले नाही तर त्या कंपोस्टमधून काचा, ब्लेड आणि प्लॅस्टिकचे तुकडे निघतात. असले खत शेतकरी एकदा घेतो, पुन्हा घेत नाही. मंडईतला पाला, हॉटेलांत भाजी निवडून उरलेला भाग आणि देवळांतले निर्माल्य वेगळे गोळा केले तर त्यात काच यायचे कारण नाही. अंबाबाईच्या देवळाभोवतीची फुले आणि लक्ष्मीपुरी, कपिलतीर्थाचा पाला एवढ्यापासून सुरुवात करा. सगळ्या शहराचा कचरा एकदम सुधारायला निघू नका. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची प्रत ठरवून दिलेली आहे, जड धातूंच्या मर्यादांसह. प्रत्येक ढिगाची तपासणी करून पाटीवर लावा.

पाण्याबद्दल मात्र मी मळेवाल्यांची बाजू घेणार नाही. जयंती नाला किंवा दुधाळी नाल्यातले पाणी मोटारीने उचलून त्यावर पालेभाजी काढणे बंद झाले पाहिजे, मग ती काढणारा माझा भाऊ का असेना. दिल्लीत यमुनेकाठची भाजी याच कारणावरून अडचणीत आली. तिथल्या मातीत आणि भाजीत जड धातू सापडले, आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या पूरमैदानात खाण्याची पिके घ्यायलाच मनाई केली. आपली वेळ येण्याआधी आपण शहाणे होऊ. काठावरच्या जुन्या विहिरी साफ करून द्या, पाणी तपासा. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरायचेच असेल तर ते चाऱ्याला, फुलांना आणि झाडांना. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला नाही. माती दरवर्षी पुरानंतर तपासायला हवी, कारण गाळाबरोबर काय आले ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बाहेरून कुणाला बोलवायची गरज नाही. गावात कृषी महाविद्यालय आहे, ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. पोरांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात आणि मळ्यांना तपासणी हवी असते, ही गाठ आपण घालून द्या.

गच्चीचे थोडक्यात. गच्ची पुरात बुडत नाही, हा तिचा मोठा गुण. जुलै-ऑगस्टात खालचा मळा पाण्यात असतो तेव्हा वर दोडका, कारले, वाल आणि अळू जोरात असतात. मेथी मात्र त्या पावसात वर लावू नये, सडते. पण हौसेने गच्चीभर मातीचे वाफे घालणाऱ्यांना सावध करायला हवे. ओल्या मातीचा अर्ध्या फुटाचा थर एका चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जातो, आणि वापरातल्या साध्या गच्चीचे डिझाइन दीडशे किलोंच्या भाराचे धरलेले असते. मातीऐवजी पाचट, चिपाड, वाळका पाला आणि थोडे शेणखत वापरले की ओझे निम्म्याच्या खाली येते, आणि या वस्तू कोल्हापुरात मिळत नसतील तर कुठे मिळतील! गच्चीवाल्यांना आपण अनुदान देऊ नका. ज्याला गच्ची आहे त्याचे बरे चाललेले असते. चांगले खत रास्त भावात मिळाले की आम्ही आमचे बघून घेऊ.

खरा अवघड प्रश्न खासगी मालकांचा आहे, आणि त्यावर मोर्चे काढणाऱ्या पर्यावरणप्रेमींनी पुरेसा विचार केलेला नाही असे मला वाटते. ज्याची दीड-दोन एकर जमीन निळ्या रेषेत अडकली आहे, त्याला घर बांधता येत नाही, बँक कर्जाला नाक मुरडते, आणि पोरगा विचारतो की याचे आपण करायचे काय. शहराच्या हद्दीत असल्यामुळे जिल्हा परिषदेच्या शेतीच्या योजना त्याच्यापर्यंत येत नाहीत; महापालिकेकडे शेतीचे खातेच नाही. पूर आला की पंचनाम्यात त्याच्या भाजीला उसाइतकीही किंमत नसते. मळा राखल्याने खालच्या पेठांचे पुराचे पाणी कमी होणार असेल, तर त्याची किंमत शहराने त्याला दिली पाहिजे. रेषेच्या बाहेर वापरता येईल असा विकास हक्क (बांधकामाचा हक्क) त्याला कसा देता येईल ते नगररचना विभागाला तपासायला सांगा. आपल्या हातातल्या सगळ्या करांतून लागवडीखालचे क्षेत्र सोडून द्या. आणि महापालिकेत एक कृषी अधिकारी नेमा. उद्यान विभाग आहे, त्यात आणखी एक खुर्ची बसेल.

हद्दवाढीचा विषय काढल्याशिवाय कोल्हापुरात कुठलेही पत्र पुरे होत नाही, म्हणून काढते. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द तिथेच राहिली. आजूबाजूची गावे विरोध करतात, आणि त्यांच्या विरोधाचे एक कारण साधे आहे: शहरात गेलो की आमचे रान जाणार. हद्दीतल्या मळ्यांचे आजवर काय झाले ते ती माणसे बघत आली आहेत. शहर आपल्या हद्दीतली शेती सांभाळून दाखवील, तर वडणग्याच्या आणि पाचगावच्या माणसाशी बोलताना आपल्याकडे निदान दाखवायला एक वाफा तरी असेल. मी स्वतः हद्दवाढीच्या बाजूची की विरोधातली, हे इथे लिहिले तर माहेरी जायची पंचाईत होईल.

विक्रीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. २०१६ पासून फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळे झाले आहेत. मळेवाल्याने थेट गिऱ्हाइकाला विकायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती जागेची. सकाळी सहा ते दहा या वेळात प्रत्येक प्रभागात एक ठरलेला कोपरा, पिण्याचे पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, आणि त्या चार तासांत अतिक्रमणाची गाडी येणार नाही असा शब्द. कोल्हापूरकर माणूस पालेभाजीवर कधी गप्पा मारत नाही, त्याच्या गप्पा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर. पण त्याच्या घरात रोज संध्याकाळी शिजते ती भाकरीबरोबरची पोकळ्याची भाजी, आणि ती ताजी मिळाली तर तो दोन रुपये जास्त द्यायला कुरकुरत नाही.

पूर नियंत्रणासाठी मोठमोठे प्रकल्प येऊ घातले आहेत, जागतिक बँकेचे कर्ज आहे, बोगदे आणि कालव्यांची चर्चा आहे. त्यातले काय होईल ते होईल. मी मागते ते काम त्या मानाने फुटकळ आहे आणि ते आपल्या अधिकारात आहे. पहिल्या महिन्यात एवढे करा: निळ्या रेषेच्या आत शहराच्या हद्दीतल्या सगळ्या मोकळ्या जमिनींची गट क्रमांकासह यादी करा, प्रत्येकीपुढे मालकी लिहा, आज तिथे काय आहे ते लिहा — ऊस, भाजी, पडीक, भराव — आणि यादी महापालिकेच्या फळ्यावर लावा. संगणकावर नाही झाली तर हाताने लिहिलेली चालेल. ती यादी लागली की पुढच्या गणपतीनंतर कोणत्या जागेत वाफे पाडता येतील ते सांगायला आम्ही मळ्यातली माणसे स्वतः कार्यालयात येऊ. वेळ तेवढी सकाळी दहानंतरची द्या, त्याआधी भाजी बाजारात पोचवायची असते.

आपली विश्वासू,
मंगळवार पेठेतील एक गच्चीवाली, माहेरची मळेकरीण